बिबळ्याचे मुख

सराफाच्या दुकानात दागिना हाती घेतला, म्हणजे जाणते गिऱ्हाईक त्याच्या आतल्या बाजूस उमटविलेली एक बारीक खूण शोधते. तिला ‘हॉलमार्क’ म्हणतात. भारतात सोन्याच्या दागिन्यांवर अशी खूण करण्याची व्यवस्था २००० साली सुरू झाली आणि २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ‘हॉल’ म्हणजे सभागृह आणि ‘मार्क’ म्हणजे खूण. पण दागिन्याचा सभागृहाशी काय संबंध? ज्या सभागृहावरून हा शब्द आला ते लंडन शहरात आहे, आणि ते तेथील सुवर्णकारांच्या संघटनेचे आहे.

एका धंद्यातील कारागिरांनी एकत्र यावे आणि आपल्या धंद्याचे नियम आपणच पाळावेत व पाळवावेत, ही रीत पुष्कळ देशांत होती. प्राचीन भारतात अशा संघटनेला ‘श्रेणी’ म्हणत. नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखात विणकरांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. लंडनच्या सुवर्णकारांच्या श्रेणीला तिसऱ्या एडवर्ड राजाने १३२७ साली सनद दिली. परंतु तिचे काम त्याआधीच सुरू झाले होते.

शुद्ध चांदी मऊ असते. भांडे टिकावे म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळावेच लागते. मात्र ते किती मिसळले हे गिऱ्हाइकाला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, आणि लबाडीला वाव मिळतो तो येथेच. म्हणून पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली कायदा केला. चांदीच्या वस्तूत हजार भागांपैकी ९२५ भाग चांदी असलीच पाहिजे, आणि श्रेणीच्या पंचांनी परीक्षा करून बिबळ्याच्या मुखाची खूण उमटविल्यावाचून ती वस्तू कारागिराच्या हातून बाहेर पडता कामा नये, असे त्याने ठरविले. मौज अशी, की हा बिबळ्या मुळी बिबळ्याच नव्हे! पाहणाऱ्याकडे तोंड वळविलेल्या सिंहाला त्या काळी राजचिन्हांच्या परिभाषेत बिबळ्या म्हणत. राजाच्या ढालीवरील सिंहाचेच ते मुख. चिकटलेले नाव मात्र आजतागायत सुटलेले नाही.

पुढे १३६३ साली प्रत्येक सुवर्णकाराने आपली स्वतःची खूणही उमटवावी असा नियम झाला. माल खोटा निघाला, तर तो कोणी घडविला हे त्या खुणेवरून कळे. पण परीक्षा करणाराच चुकला किंवा फितूर झाला तर? या प्रश्नाचे उत्तर १४७८ साली मिळाले. त्या वर्षापासून सर्व माल श्रेणीच्या सभागृहात आणवून तेथेच तपासू लागले. त्यासाठी पगारी परीक्षक नेमला गेला, आणि वर्षावर्षाला बदलणारे एक अक्षर वस्तूवर उमटू लागले. पुढे केव्हाही वस्तू हिणकस ठरली, की अक्षर पाहावे. त्या साली परीक्षक कोण होता हे तत्काळ समजे. त्या अक्षरामुळे आज जुन्या भांड्याचे वय सांगता येते हे खरे; पण ते योजले गेले होते ते परीक्षकाला जबाबदार धरण्यासाठी.

परीक्षेच्या रीती दोन. एक आपल्या सोनारांनाही परिचित आहे: काळ्या दगडावर धातू घासून उमटलेल्या रेघेचा रंग पाहणे. तो दगड म्हणजेच कसोटी. दुसरी रीत अधिक अचूक आहे. वस्तूचा बारीक कीस काढून त्याचे वजन करतात, तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत तापवितात. शिसे व हीण त्या वाटीत शोषले जाते आणि शुद्ध धातूचा मणी मागे उरतो. त्याचे पुन्हा वजन केले, की हीण किती होते ते कळते.

श्रेणीची मुद्राही हीच कथा सांगते. तिची ढाल चार भागांची आहे. दोन लाल भागांत सोनेरी बिबळ्यामुखे आहेत. दोन निळ्या भागांत झाकणाचा पेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंस बकले आहेत. ढालीला दोन एकशिंगी घोडे आधार देतात. वर एक स्त्री आहे. तिच्या एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात कसोटीचा दगड आहे. खाली लॅटिन भाषेत, न्याय ही सद्गुणांची राणी होय, असे ब्रीद लिहिलेले आहे.

लंडनमधील बारा थोर श्रेणींत सुवर्णकारांचा मान पाचवा. या मानापानावरून पूर्वी मोठे तंटे होत. शिंपी आणि कातडीवाले यांच्यातील असा एक तंटा तेथील नगराध्यक्षाने १४८४ साली मिटविला. दोघांनी सहावे व सातवे स्थान वर्षाआड आलटून पालटून घ्यावे, असा निवाडा त्याने दिला, आणि तो आजही पाळला जातो.

पण सुवर्णकारांचा खरा मान मिरवणुकीत नव्हता. खुद्द राजाच्या टांकसाळीतील नाणी खरी की खोटी, हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. टांकसाळीतील नाण्यांपैकी काही ‘पिक्स’ नावाच्या पेटीत बाजूला ठेवीत आणि मग सुवर्णकार पंचांपुढे ती पेटी उघडीत. ही परीक्षा १८७१ सालापासून सुवर्णकारांच्या सभागृहात होते आणि दरवर्षी आजही होते. पंचांपुढे लाकडी आणि तांब्याचे वाडगे असतात. कसोटीसाठी निवडलेले नाणे तांब्याच्या वाडग्यात पडते, बाकीची लाकडी वाडग्यात.

एकदा या पंचांची गाठ मोठ्या माणसाशी पडली. थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन तेव्हा टांकसाळीचा प्रमुख होता. १७१० सालच्या परीक्षेत त्याची सोन्याची नाणी किंचित कमी कसाची ठरली. ज्या सोन्याच्या पट्टीशी तुलना करून हा निर्णय झाला ती १७०७ साली तयार केलेली होती. न्यूटनने निकाल निमूटपणे मान्य केला नाही. त्याने त्या पट्टीचीच परीक्षा केली. ठरलेल्या प्रमाणाहून ती अधिक शुद्ध निघाली. नाण्यांत उणे नव्हते, मापच चुकले होते. ती पट्टी बाजूला ठेवण्यात आली आणि १६८८ सालची जुनी पट्टी पुन्हा वापरात आली.