भाडं स्वस्त, पण कुणाच्या जिवावर?

सिंधुदुर्गात माल येतो जास्त आणि बाहेर जातो कमी. सिमेंट, धान्य, कोल्हापूर-बेळगावकडची भाजी, सगळं घाट उतरून येतं. इथून वर न्यायला असतं काय? हंगामात आंबा-काजू, थोडी मासळी, थोडा चिरा. पावसाळ्यात तेही आटतं. त्यामुळे मालवणात भरून आलेली गाडी परतताना बहुधा रिकामी असते आणि इथला भाड्याचा बाजार या रिकाम्या गाडीवर चालतो. ‘रिकामी जाण्यापरास गावात ता भाडा बरा,’ असं म्हणत चालक मिळेल तो दर पत्करतो.

समजा, दहाचाकी गाडीला मालवणहून कोल्हापूरला परतायचंय. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. घाटात लिटरला चार किलोमीटर धरले तरी अडतीस लिटर डिझेल लागतं. लिटरला नव्वद रुपयांनी ते चौतीसशेच्या घरात. दलालाने चार हजार देऊ केले तर वर उरतात सहाशे. त्यातून हमाली, टायरची झीज, बँकेचा हप्ता आणि गाडी भरेपर्यंत गेलेला अर्धा दिवस भागवायचा. चालकाच्या रात्रीला या हिशेबात रकानाच नाही. तरीही तो हो म्हणतो, कारण डिझेल तर तसंही जळणारच आहे. त्याच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा नाही. पण असा निर्णय शंभर जणांनी घेतला की तोच बाजारभाव होतो आणि जाताना पूर्ण भाडं मागणाऱ्यालाही व्यापारी तोच दर ऐकवतो.

मग खर्च भरून निघतो कुठून? एक वाट जादा माल भरण्याची. चिऱ्याचा एक दगड तीस-पस्तीस किलोचा. वर आणखी पन्नास दगड ठेवले की दीड टन वाढला. 2018 मध्ये केंद्राने गाड्यांची भारमर्यादाच वाढवली, तीन आसांच्या ट्रकला 25 ऐवजी 28.5 टन. त्याच गाडीत जास्त माल मावतो म्हटल्यावर फेऱ्या कमी लागल्या आणि दर आणखी दबले. दुसरी वाट झोप मारण्याची. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, पण ती पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. एका गाडीचा मालक आणि त्याने ठेवलेला ड्रायव्हर, म्हणजे इथले बहुतेक, त्यात येतच नव्हते.

शेजारच्या गोव्यात खनिजाच्या ट्रकवाल्यांनी संघटना करून, रस्ते अडवून टन-किलोमीटरमागे दर ठरवून घ्यायला सरकारला मध्ये पाडलं. तिथेही फेरीवर पैसे असल्याने गाड्या सुसाट धावल्या, माणसं चिरडली गेली, हेही सांगायला हवं. नुसता दर पुरत नाही, फेऱ्यांनाही मर्यादा लागते. ब्राझीलने 2018 च्या देशव्यापी संपानंतर किमान भाड्याचा कायदा केला. दक्षिण कोरियाने 2020 पासून कंटेनर आणि सिमेंटच्या गाड्यांसाठी ‘सुरक्षित भाडं’ लागू केलं, पण 2022 अखेरीस त्याची मुदत संपू दिली. ऑस्ट्रेलियाची कथा अधिक बोलकी आहे. तिथे अशा दरांसाठी नेमलेलं न्यायाधिकरण 2016 मध्ये गुंडाळलं गेलं, आणि त्याविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज होता स्वतःची गाडी चालवणाऱ्यांचा. दर फक्त त्यांनाच बांधले, मोठ्या कंपन्यांच्या पगारी चालकांना नाहीत. आपलं काम त्यांच्याकडे जाईल, ही त्यांची धास्ती होती. तेव्हा दर बांधायचा तर सगळ्यांना एकच.

आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही नको. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 67 ने राज्य सरकारला प्रवासी भाड्याबरोबर मालवाहतुकीचं किमान आणि कमाल भाडं ठरवून देण्याचा अधिकार दिला आहे. एसटीचं तिकीट आणि रिक्षाचा मीटर सरकारी दराने चालतो. ट्रकचं भाडं मात्र नाक्यावर, दलालाच्या फोनवर ठरतं. ज्या सरकारला दीड किलोमीटरच्या रिक्षाचा दर ठरवता येतो, त्याला दीडशे किलोमीटरच्या ट्रकचा ठरवणं जड जाऊ नये. निदान डिझेल, हप्ता आणि चालकाची आठ तासांची मजुरी धरून कोकणातल्या घाटमार्गांसाठी एक किमान दर जाहीर करावा, आणि तो परतीच्या भाड्यालाही लागू करावा.