लाडबोरीची रिंग आणि अंतराळातली वस्ती

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते ठिपके ओळीने सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक रिंग येऊन पडली. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोंच्या आसपास. पाठोपाठ पवनपार गावाजवळ एक पोकळ गोळाही सापडला. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान.

ती उल्का नव्हती. उल्का सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येते आणि बहुधा डोळ्याची पापणी लवेपर्यंत विझते. इथले तुकडे सावकाश, एकाच रेषेत, फुटत फुटत गेले. कक्षेतून घसरलेली वस्तू अशीच येते. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा होता. पाहणीसाठी इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन गेले. असे गोळे म्हणजे रॉकेटमध्ये दाबाखालचा वायू साठवण्याच्या टाक्या. त्या मजबूत पण हलक्या असतात, हवेत लवकर मंदावतात, म्हणून पुरत्या जळत नाहीत.

अंतराळात वस्ती करण्याच्या गप्पा आता सगळीकडे रंगतात. त्या वस्तीचा प्रत्येक खिळा अशाच रॉकेटांनी वर न्यावा लागणार आहे, म्हणून या गप्पांतले काही समज तपासून पाहायला हवेत.

पहिला समज असा, की अंतराळ स्थानक फार दूर असते आणि तिथे गुरुत्वाकर्षण नसते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. चंद्रपूरहून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत साधारण तेवढेच. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असते. स्थानक ताशी २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती सतत ‘पडत’ असते, म्हणून आतली माणसे तरंगतात. या तरंगण्याची किंमत शरीर मोजते: व्यायाम नसेल तर खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते.

‘माणूस तिथे वस्ती करून राहतोच आहे की,’ असेही म्हटले जाते. २ नोव्हेंबर २०००पासून स्थानक एक दिवसही रिकामे नाही, हे खरे. पण माणसे तिथे पाळीने जातात. सलग राहण्याचा विक्रम रशियाच्या व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांचा, ‘मीर’ स्थानकावर ४३७ दिवस. २०२५च्या जून-जुलैत भारताचे अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर १८ दिवस राहिले. घाम, श्वासातली वाफ आणि लघवी शुद्ध करून तिथले ९८ टक्के पाणी परत वापरता येते. अन्न मात्र जवळजवळ सगळे खालून जाते. कचरा भरलेली काही मालवाहू याने वातावरणात जाळून टाकतात.

मग कायमची वस्ती अशक्यच का? तेही बरोबर नाही. स्थानक चाकासारखे फिरवले की कडेला कृत्रिम वजन मिळते. पण मिनिटाला दोन फेऱ्या ठेवून पृथ्वीइतके वजन हवे असेल, तर चाकाचा व्यास ४५० मीटरच्या घरात जातो. आजचे स्थानक १०९ मीटर लांब आहे. १९७५ साली नासा आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासगटाने १०,००० माणसांसाठी १.८ किलोमीटर व्यासाचे चाक कागदावर आखले. त्याच्या वजनाचा बहुतांश भाग म्हणजे किरणोत्सर्गापासून बचावासाठी भोवती रचलेला चंद्रावरचा माल. एवढे ओझे पृथ्वीवरून उचलणे झेपणारे नाही, हे त्या आराखड्याने तेव्हाच ओळखले होते. मला तो अजूनही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

वरून पडलेल्या वस्तूला कोणी वाली नसतो, हा शेवटचा समज आपल्या गावांना सगळ्यांत महागात पडू शकतो. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, अशा वस्तूने जमिनीवर नुकसान केले तर चूक सिद्ध न करताही प्रक्षेपण करणारा देश भरपाईला बांधील असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडात कोसळला; १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. लाडबोरीत सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण दर वेळी सुदैवावर विसंबायची गरज नाही: रिकाम्या टप्प्यात थोडे इंधन राखून तो ठरवून समुद्रात उतरवता येतो. भारतीय अंतराळ स्थानक २०३५पर्यंत उभारायचे ठरले आहे, आणि २०३०पर्यंत आपल्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले आहे. स्थानकासाठी सुटणाऱ्या प्रत्येक रॉकेटला टप्पा ठरवून उतरवण्याची अट पहिल्या दिवसापासून लागू असली पाहिजे.