लंडनचे वार्तापत्र : डिनर नेमके किती वाजता?

डिनर म्हणजे रात्रीचे जेवण, हे पाठ करून इंग्लंडात आलेल्या माणसाला इथल्या शाळांत भरदुपारी वाढले जाणारे ‘स्कूल डिनर’ चक्रावून टाकते. लीड्स-शेफील्डकडच्या कामगार घरांत तर डिनर दुपारीच उरकते आणि संध्याकाळच्या भरपेट जेवणाला ‘टी’ म्हणतात. (चहापाणी समजून घरून जेवून जाणाऱ्याची पंचाईतच!) वरवर हा शब्दांचा घोळ दिसतो. खरे तर कोण किती वाजता कामातून सुटत असे, याचा तो इतिहास आहे.

जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘उपास सोडणे’ हा अर्थ आहे. म्हणजे डिनर आणि ब्रेकफास्ट मुळात एकच. पुढे तो दिवसाच्या मुख्य जेवणाला चिकटला आणि ते जेवण मध्ययुगात दुपारच्या आतच होई. अठराव्या शतकात लंडनच्या उच्चभ्रूंनी ते दुपारी तीन-चारवर नेले, एकोणिसाव्यात रात्री सात-आठवर. उशिरा जेवायला मेणबत्त्या लागतात, नोकर लागतात आणि मुख्य म्हणजे पहाटे उठायची सक्ती नसावी लागते. मधली पोकळी लंचने आणि दुपारच्या चहाने भरली. गिरणीतल्या किंवा शेतावरच्या माणसाला यातले काहीच परवडणारे नव्हते. त्याचे डिनर दुपारीच राहिले.

हा नुसता उत्तर-दक्षिणेचा बोलीभेद आहे, असे कुणी म्हणेल. बोलीभेद आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. १९५४ साली ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने उच्चवर्गीय आणि इतरांच्या इंग्रजीतले भेद मांडले, तेव्हा दुपारच्या जेवणाला डिनर म्हणणे ही ‘इतरां’ची खूण ठरली. लेखिका नॅन्सी मिटफर्डने तो विषय गाजवला आणि मध्यमवर्ग आपापली जीभ तपासू लागला.

आता गिरण्या बंद पडल्या, साहेब आणि कारकून दोघेही टेबलावरच सँडविच खातात, मग भेद उरला कुठे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण सवय कामाच्या वेळांपेक्षा चिवट असते. एरवी दुपारी लंच घेणारी कितीतरी घरेही नाताळात भरदुपारी ‘ख्रिसमस डिनर’च जेवतात आणि तीन वाजता राजाचे भाषण ऐकतात. सँड्रिंगहॅमच्या शाही निवासातल्या राजघराण्याच्या नाताळच्या पंगतीची बातमी देताना मात्र वर्तमानपत्रे बहुधा ‘लंच’ लिहितात.