रॅकेट टिकते म्हणजे काय?

बॅडमिंटनची रॅकेट घ्यावयास वडील आणि मुलगा दुकानांत शिरतात, तेव्हां दोघांच्या मनांतील प्रश्न निराळे असतात. "ही किती दिवस टिकेल हो?" असें वडील दुकानदारास विचारतात. मुलगा कांहींच विचारीत नाहीं, तो रॅकेट उचलतो, हवेंत एक फटकारा मारतो आणि म्हणतो, "बाबा, हीच घेऊं, ही हाताला बसते." दोघांचेंही म्हणणें योग्यच आहे. अडचण एवढीच कीं, टिकाऊपणा आणि हाताला बसण्याचा गुण हे नेहमींच एकत्र नांदत नाहींत. एकास अधिक द्यावें, तर दुसऱ्याच्या वांट्यास कमी येतें. ही वांटणी कशी होते हें समजून घेतलें, तर घरचा पैसाही वाचेल आणि मुलाचा खांदाही.

हा खेळ महाराष्ट्रास परका नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज लष्करी अधिकारी तो पुण्यांत खेळत. १८७० नंतरच्या दशकांत त्याचे आरंभींचे नियम तेथेंच बांधले गेले, आणि कांहीं काळ खेळास 'पूना' असेंच नांव होतें. पुढें १९५६ सालीं सांगलीचे नंदू नाटेकर यांनीं क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकली आणि परदेशांत आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. तो सारा जमाना लांकडी चौकटीचा होता.

लांकडी चौकट एका अखंड लांकडाची नसे. अ‍ॅश, बीच अशा लवचिक लांकडांच्या पातळ पट्ट्या सरसानें चिकटवून त्या वांकवीत, आणि त्यांत जनावरांच्या आंतड्यांपासून केलेली तांत ओवीत. अशा रॅकेटचा स्पर्श मऊ असे. फटक्याचा धक्का लांकूड आपल्या अंगांत जिरवी. परंतु लांकूड हवेंतील ओल शोषतें. पावसाळ्यांत चौकट पीळ खाई. म्हणून खेळ संपतांच ती चार स्क्रूंच्या दाबांत घट्ट अडकवून ठेवावी लागे. तांतही ओलीनें बिघडे. म्हणजे वस्तु वर्षानुवर्षें घरांत राही, पण आज हातांत असलेली रॅकेट ही गेल्या दिवाळींतलीच आहे, असें म्हणतां येत नसे.

पुढें पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम आलें. त्यास ओलीचें भय राहिलें नाहीं, किंमतही आटोक्यांत आली. परंतु फटक्याची थरथर धातु हातापर्यंत जशीच्या तशी पोंचवितो, आणि आदळलेली चौकट चेपते. अंगणांत खेळणाऱ्या लहान मुलांना अशी रॅकेट आजही पुरेशी आहे. मात्र तिच्यावर हात घडत नाहीं.

हल्लींची चांगली रॅकेट कार्बनच्या तंतूंची असते. केसाहूनही बारीक तंतु कृत्रिम राळेंत भिजवून, त्यांचे पदरावर पदर चढवून, तें सर्व सांच्यांत तापवितात. अशा बहुतेक रॅकेटींचें वजन तांतीवांचून ८० ते ८९ ग्रॅम भरतें. तांतींचा चहूंकडून येणारा सारखा ओढा ही चौकट सहज सोसते. तिचें वैर कडेनें बसणाऱ्या टोल्याशीं. दुहेरीच्या खेळांत जोडीदाराची रॅकेट आपटली, कीं रंगाखालीं केसाएवढी चीर पडते. वरून कांहीं दिसत नाहीं. आणि मग एके दिवशीं साध्या फटक्यानें चौकट कोसळते. लोक म्हणतात, माल वाईट निघाला. वास्तविक ती आधींच मोडलेली असते.

येथेंच दोन प्रकारच्या टिकाऊपणांतील भेद लक्षांत येतो. लांकूड सहसा मोडत नाहीं, पण बदलत जातें. कार्बन मोडेपर्यंत जवळजवळ बदलतच नाहीं. हात घडविण्यास दुसराच गुण अधिक उपयोगी पडतो. कारण साधन रोज सारखें वागेल, तरच चूक आपली कीं साधनाची हें मुलास कळतें.

चौकटीइतकाच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, स्पर्श तांतींत असतो. हल्लींची तांत बहुधा नायलॉनची. ०.७० मिलिमीटर जाडीची तांत पुष्कळ दिवस चालते, ०.६६ किंवा त्याहून बारीक तांत टणत्कार गोड देते, पण लवकर तुटते. ताणाविषयीं मात्र एक गैरसमज रूढ आहे कीं, ताण जितका अधिक तितका फटक्यास जोर अधिक. गोष्ट उलट आहे. सैल तांत फुलाच्या आघातानें खोल दबते आणि त्यास झेपेनें परत उडविते. कडक तांत फूल नेमकें हव्या त्या जागीं धाडते, पण जोर मनगटाकडूनच मागते. आणि फूल मध्यभागीं बसलें नाहीं, तर तो धक्का थेट कोपरांत जातो. तरबेज खेळाडू २८ पौंड किंवा त्याहून अधिक ताण घेतात, तो त्यांच्या हाताच्या भरंवशावर. नवशिक्यास २० ते २२ पौंड पुरेत. दांडीचेंही तसेंच: ताठ दांडी चपळ हातास साथ देते, मंद हातास लवचिक दांडीच मदत करते. एप्रिल २०२३ मध्यें जपानांत झालेल्या चांचणींत सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांनीं मारलेला फटका ताशीं ५६५ किलोमीटर वेगाचा मोजला गेला. पण त्यांची रॅकेट विकत घेतली, म्हणून त्यांचा खांदा त्याबरोबर मिळत नाहीं.

नायलॉनची तांत न खेळतांही सैल पडत जाते. म्हणून ती तुटण्याची वाट न पाहतां, आवाज बोदा झाला कीं बदलावी. एक तांत तुटली, तर उरलेल्या तांती लगेच मध्यापासून बाहेरच्या बाजूस कापून टाकाव्या. नाहीं तर एकांगी ओढ्यानें चौकट वांकडी होते. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत रॅकेट ठेवूं नये. उष्णतेनें राळ दुबळी होते. घामानें गुळगुळीत झालेलें मुठीचें वेष्टनही वेळेवर बदलावें. मूठ निसटते म्हणून मुलें ती आवळून धरतात, आणि मनगट तेथेंच अडतें.

तेव्हां दुकानांतील त्या वडिलांनीं मध्यम किंमतीची कार्बनची चौकट, लवचिक दांडी आणि बेताच्या ताणाची जाड तांत घ्यावी. भारी रॅकेटवर खर्च व्हावयाचे जे पैसे वांचतील, त्यांतून वर्षांतून दोन-तीन वेळां नवी तांत घालावी. मग चौकट टिकेल किती, हा वडिलांचा प्रश्न आणि हाताला बसेल कशी, हा मुलाचा प्रश्न, दोहोंनाही एकाच खरेदींत समाधानकारक उत्तर मिळेल.