रूट कॅनॉल उपचार : ठणका थांबल्यानंतरचे काम

आपल्या रुग्णालयाच्या दंतविभागाची आकडेवारी याच अहवालात अन्यत्र दिली आहे. मात्र एक गोष्ट त्या तक्त्यात दिसत नाही. रूट कॅनॉलची पहिली बैठक झालेले अनेक रुग्ण दुसऱ्या बैठकीस येतच नाहीत. आले तर काही महिन्यांनी, सुजलेला गाल घेऊन येतात. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत असे अधिक घडते, हे नोंदवही चाळताना वारंवार जाणवते. यात निष्काळजीपणापेक्षा गैरसमजाचा भाग मोठा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकीय भाग विभागातील डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केला आहे.

दात बाहेरून दगडासारखा भासला तरी आत जिवंत असतो. कठीण कवचाखाली मऊ दंतमज्जा असते. तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात आणि त्या मुळांतील अरुंद नलिकांतून जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचतात. ‘कीड’ या शब्दामुळे दाढेत खरोखर किडा असतो, अशी समजूत अजूनही आढळते. प्रत्यक्षात तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने कवच झिजते. खड्डा उथळ असेपर्यंत साधे भरणे पुरते. जंतू मज्जेपर्यंत पोहोचले की ती सुजते. पण कठीण भिंतींमुळे तिला फुगायला जागा नसते. गरम चहा घेतल्यावर बराच वेळ राहणारी कळ आणि रात्री आडवे होताच वाढणारा ठणका, ही त्याची लक्षणे.

या टप्प्यावर बहुतेक जण औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतात. वेदनाशामक गोळीने तात्पुरता आराम पडतो. अँटिबायोटिकने दाढ बरी होत नाही, कारण मज्जा मेली की तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि औषध तिथे पोहोचतच नाही. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढांमध्ये अशा दुखण्यावर बहुतांश वेळा आधी दाताचा उपचार करावा, अँटिबायोटिक नव्हे. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बरे वाटते. त्यातील द्रव्य दंतवैद्यही तात्पुरत्या भरणात वापरतात. दाढेत तंबाखू दाबून ठेवण्याची आपल्याकडील सवय मात्र केवळ घातक आहे. वरची दाढ काढल्याने डोळा अधू होतो, ही भीतीही निराधार आहे.

आता प्रत्यक्ष उपचाराविषयी. आधी एक्स-रे काढून मुळे पाहतात. त्यानंतर हिरडीत भूल देतात. सर्वत्र वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले आणि १९४८ पासून बाजारात आले. रूट कॅनॉलची जी भीती घरोघरी सांगितली जाते, ती पुष्कळशी जुन्या काळची आहे. तथापि खालची दाढ फार सुजलेली असेल तर पहिल्या इंजेक्शनने भूल पुरी चढत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अशा वेळी हात वर करावा. डॉक्टर थांबतात व आणखी भूल देतात. सोसत बसण्यात काहीही शौर्य नाही.

मग दाताला वरून छिद्र पाडून खराब मज्जा काढतात. नलिका साफ करण्याच्या सुयांना फाईल म्हणतात. त्यांतील सर्वांत बारीक फाईलचे टोक एक दशांश मिलिमीटरहूनही कमी जाडीचे असते. पुढच्या दाताला बहुधा एकच नलिका असते, दाढेला तीन किंवा चार. त्यातली एखादी वाकडी असते, एखादी लपलेली. त्यामुळे दाढेला वेळ लागतो आणि शुल्कही अधिक पडते. जंतुनाशक द्रवाने नलिका धुऊन अखेर गट्टापर्चा नावाच्या, मलाया भागातील झाडाच्या चिकापासून होणाऱ्या पदार्थाने त्या भरतात. काही दातांचे काम एकाच बैठकीत होते, काहींना दोन-तीन लागतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडणे किंवा गिळणे कठीण झाले, तर मात्र तारखेची वाट न पाहता ताबडतोब यावे. ती सूज गळ्याकडे उतरली तर जिवावर बेतू शकते.

खरी चूक पहिल्या बैठकीनंतर होते. मज्जा निघाल्याने ठणका थांबतो आणि रुग्णास वाटते, दाढ बरी झाली. नलिका अद्याप भरलेल्या नसतात; वर केवळ तात्पुरते भरण असते. ते झिजले की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात, आणि या वेळी कळ देणारी मज्जाच नसल्याने सूज येईपर्यंत काही कळत नाही.

याबाबत उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या दाढेचे रूट कॅनॉल पूर्ण झाले. कॅप लवकर बसवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. वर्षअखेरीचे हिशेब, लेखापरीक्षण, अशी कारणे सांगत मी पाच महिने काढले. एका संध्याकाळी फुटाणे खाताना दाढ उभी चिरली आणि ती काढावी लागली. किडीने व उपचारासाठी केलेल्या छिद्राने दात आतून पोखरलेला असतो. दाढेवर चावण्याचा भार मोठा, म्हणून तिला बहुधा कॅप लागते. झालेला सारा खर्च मी एका मुठीभर फुटाण्यांत बुडवला!

दाढ काढून टाकणे स्वस्त पडते आणि कधी तोच योग्य मार्ग असतो. उभी चीर गेलेला किंवा फारच थोडा उरलेला दात वाचत नाही. पण रिकाम्या जागेत शेजारचे दात कलतात, समोरचा लांबतो, आणि ज्वारीची भाकर एकाच बाजूने चावावी लागते.

देणगीदारांना येथे एक विनंती. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. हा हिशेब खाटांचा आहे. दाढेचा रुग्ण खाटेवर झोपत नाही. आमच्याकडे दंतोपचारातील सवलत देणगीनिधीतूनच दिली जाते. दंतविभागाला खुर्ची देणारे दाते मिळतात, कारण खुर्चीवर नाव कोरता येते. कॅपवर कोरता येत नाही, आणि तिथेच पैसा अपुरा पडतो. धारणीहून घाट उतरून येणारा किंवा दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यातून रोजी बुडवून येणारा रुग्ण तिसऱ्या खेपेला एस.टी.चे भाडे मोजतो आणि कॅपचे पैसे ऐकून परत फिरतो.

रुग्णांच्या आप्तांनी पहिल्या भेटीतच बैठका किती, कॅप लागेल काय आणि एकूण खर्च किती, हे विचारावे. मधुमेह, हृदयाची झडप, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण यांची माहिती आधी द्यावी. चालू गोळ्या मनानेच बंद करू नयेत. दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी नोंदणी खिडकीवर गावाचे नाव सांगावे, म्हणजे शक्य तेथे दोन बैठकांचे काम एकाच दिवशी लावता येते. पेरणी किंवा वेचणीमुळे तारीख चुकणार असेल, तर उपचारपत्रावरील दूरध्वनीवर कळवावे. तारीख बदलून मिळते, नव्याने केसपेपर काढावा लागत नाही.