भरवसा देवावर, जन्मदाखला कपाटात

मुळशीतलं पौड सोडून ताम्हिणीकडे निघालं की दोन्ही हातांना भातखाचरं लागतात आणि मधूनच पुण्याहून येऊन राहिलेल्यांची कौलारू घरं. अशा घरांत अलीकडे एक विषय निघतो, कधी कधी गावातल्या जुन्या ओट्यावरही निघतो: पोराला शाळेत घातलंच नाही तर? विचारणारे बरेचदा भाविक असतात. कुणाच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणी रविवार न चुकवता चर्चला जातं. मूल देवाने पदरात घातलंय, ते कसं वाढवायचं याचं उत्तर आपल्यालाच द्यायचंय, असं त्यांना मनापासून वाटतं. आजूबाजूचे मात्र म्हणतात, पोराचं वाटोळं करतील हे.

गैरसमज दोन्हीकडे आहेत. शेजाऱ्यांचे गैरसमज डोकं उठवतात, पण जास्त महागात पडतात ते आपले स्वतःचे. म्हणून इथे दोन्ही घेतो.

“म्हणजे घरातच शाळा भरवायची ना?”

नाही. घरात वेळापत्रक लावून पाठ्यपुस्तकं शिकवणं म्हणजे होमस्कूलिंग. आपण बोलतोय ते अनस्कूलिंगबद्दल, आणि हा शब्द रूढ केला जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने. १९६४ मध्ये त्याने मुलं वर्गात नापास का होतात यावर पुस्तक लिहिलं. शाळा सुधारेल या आशेवर त्याने बरीच वर्षं काढली, शेवटी तो नाद सोडला आणि १९७७ मध्ये शाळेविना मुलं वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं: मूल जगण्यातून शिकतं, मोठ्यांनी साधनं पुरवावीत, सोबत करावी आणि मध्ये मध्ये लुडबुड करू नये.

हे मुळशीत कसं दिसेल? आवणीच्या दिवसांत बघा. चारसूत्री पद्धतीने भात लावायचा तर दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या खुणा आलटून पालटून असतात. त्या खुणांवर रोपांचे चूड लावायचे आणि जवळजवळच्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध खताची एक गोळी खोचायची. गोळीचं वजन २.७ ग्रॅम. आता नऊ वर्षांच्या पोराने विचारलं, “बाबा, एका गुंठ्याला किती गोळ्या लागतील?” की शिकवणी सुरू झाली. १५ आणि २५ मिळून ४०, म्हणजे दर ४० बाय ४० सेंटिमीटरला एक गोळी; गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा; भागून बघा, ६३० च्या आसपास गोळ्या, पावणेदोन किलोच्या जवळ खत. क्षेत्रफळ, भागाकार, दशांश सगळं एका बांधावर, आणि उत्तर चुकलं तर गोळ्या उरतात किंवा कमी पडतात. गुरुजींच्या लाल शाईची गरज लागत नाही.

पण इथेच मेख आहे. त्या पोराचा बाप बांधावर हजर होता आणि त्याला उत्तर काढायला बसायला वेळ होता. शाळा नाही म्हणून मूल आपोआप शिकतं असं होल्टही म्हणत नव्हता. मुलाला मोकळं सोडून आईबाप दिवसभर हिंजवडीत, आणि मुलाच्या हातात मोबाइल, याला दुसरं काहीही म्हणा.

“शाळेत घातलं नाही तर पोलीस येतात”

हा धाक फार जुना आहे, आणि त्याला इतिहासही आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आजचा केंद्राचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. ते मोडल्यास पालकाला काय शिक्षा, हे त्या कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पोलीस येतात हे चूक, आणि “कायद्याने परवानगी आहे” असं छातीठोक सांगणंही तितकंच चूक. घरी शिकण्याबद्दल हा कायदा गप्प आहे. त्या गप्प राहण्यातून काय निघतं, हे ज्याने त्याने आपल्या जोखमीवर ठरवायचं.

दंड आहे तो दुसरीकडे, आणि नेमका तोच पालकांना ठाऊक नसतो. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर अठराव्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत, आणि बंद केली नाही तर दर दिवसाला दहा हजार. पाच-सहा कुटुंबांनी मिळून एखाद्या फार्महाउसवर मुलं जमवली, एक ताई पगारी ठेवली, महिन्याची वर्गणी घेतली, की “आम्ही तर अनस्कूलिंग करतो” हे सांगणं अवघड होत जातं.

पोलीस नव्हे, येतात ते शिक्षक. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम वेळोवेळी निघते. ४ जुलै २०१५ ला तर एकाच दिवसात राज्यभर सर्वेक्षण झालं होतं. कधीच दाखल न झालेलं किंवा महिनाभराहून जास्त गैरहजर असलेलं मूल त्यांच्या लेखी शाळाबाह्य. दारात आलेल्या बाईंशी हुज्जत घालू नका. त्या ज्या यादीसाठी आल्यात तिच्यात वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेली कातकऱ्यांची मुलं आहेत. त्यांचं शाळेबाहेर असणं कुणी निवडलेलं नाही. त्या मुलांसाठी कायदा हवा आहे आणि कडक हवा आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली ती अशाच पोरांसाठी. आपण शाळा नाकारतो तेव्हा दुसऱ्या कुणाला अजून न मिळालेली वस्तू बाजूला ठेवत असतो, एवढं भान असलं की बोलण्यातला ताठा जातो.

“धार्मिक शिक्षणाला सूट आहे”

अर्धं खरं. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याबाहेर ठेवल्या. सूट संस्थेला आहे. तुमच्या देवघराला नाही.

आणि धर्मशिक्षण घ्यायचं तर शाळा सोडावी लागते, हेही कुठून आलं कळत नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आज आळंदीत कीर्तन-पखवाज शिकायला राहिलेली किती तरी मुलं पहाटे हरिपाठ म्हणतात आणि नंतर गणवेश घालून शाळेतही जातात.

“दाखला नाही म्हणजे पुढचे सगळे रस्ते बंद”

दहावीपर्यंतचे रस्ते तरी बरेच आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, तिचं विभागीय केंद्र पुण्यातच आहे, आणि १४ वर्षं पूर्ण झालेलं मूल तिथून दहावीला बसू शकतं. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, ते पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षाही घेतं. आपल्या बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत असतो, पण त्याच्या अटी आधी वाचा. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला मुक्त विद्यालयाची वाट जास्त सरळ पडते.

एक गोष्ट खास आपल्याकडची. शाळेच्या जनरल रजिस्टरात जातीची नोंद असते आणि जातीच्या दाखल्यासाठी सगळे तीच शोधतात. मुलाची नोंद नसेल तेव्हा वडिलांचे, आजोबांचे, चुलत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले कामी येतात. ते आजच शोधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मुळशीचा पाऊस कागदाला दया दाखवत नाही.

मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण इथे हमखास निघतं. सातवीतून आईने तिला शाळेतून काढलं, तिला प्रोग्रॅमिंगचा नाद लागला, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. सांगणारे इथे थांबतात. पुढचं असं की आयआयटीत ती जाऊ शकली नाही, कारण बारावीचा कागद नव्हता. दार उघडलं तेही तीन पदकांमुळे. आपल्या पोराकडे पदकं नसतील असं धरूनच बेत आखावा आणि दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून करून ठेवावी.

“देव बघून घेईल”

हा गैरसमज आपल्या आतला, म्हणून सगळ्यात अवघड. यावर मला पंडिता रमाबाईंइतकं कुणी स्पष्ट बोललेलं माहीत नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून जातभाईंचा रोष ओढवला, तेव्हा ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ मध्ये रमाबाई जन्मल्या. शाळा कधी पाहिलीच नाही. वडील वयाने थकलेले, म्हणून शिकवणं आईकडे आलं; घरकामाला लागण्याआधी, पहाटे, अंधार असतानाच लक्ष्मीबाई पोरीला उठवून पाठ देत. मग सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थं पायी फिरलं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. आज कुणी अशी मुलगी वाढवली तर तिच्यावर माहितीपट निघेल.

मग १८७४ च्या सुमाराला दुष्काळ आला. आधी वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. रमाबाईंच्या विद्वत्तेने १८७८ मध्ये कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण पुढे स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही: आईवडिलांनी धर्मग्रंथांपलीकडे पोट भरण्याजोगं काहीही शिकवलं नव्हतं, हलकं मानलेलं काम करायला अभिमान आड येई, आणि उपासतापास करून, व्रतं करून देव तारेल या भरवशावर घरातली शिल्लक संपली.

आई-वडिलांबद्दल कडवटपणा मात्र त्यात नाही. १८८७ चं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आईच्याच स्मृतीला अर्पण केलेलं आहे. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या. देवावरचा भरवसा आयुष्यभर सुटला नाही, उलट वाढला. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं तेव्हा तिथे प्रार्थनेबरोबर शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. त्यांनी मराठीत आणलेलं बायबल तिथल्याच बायकामुलींनी खिळे जुळवून छापलं. श्रद्धाळू घराने शाळा सोडायची तर काय धरून ठेवायचं, याचा एवढा नेमका नमुना दुसरीकडे शोधायची गरज वाटत नाही. तोंडपाठ काय आहे हे पाहुण्यांना दाखवता येतं, पण पोराला हाताने काय करता येतं याची वही वेगळी ठेवा.

आणखी एक, जरा बोचणारं. मूल प्रश्न विचारणार. धरणाविरुद्धचा मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये रामनवमीला सुरू झाला हे त्याला सांगाल, तर ते विचारेल, मग रामाने धरण का थांबवलं नाही? शाळेतलं मूल हा प्रश्न मित्रांमध्ये उडवून लावतं. घरी शिकणाऱ्या मुलाला तुम्हीच आहात. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगायची तयारी हवी. शाळेवर सगळ्यात कडक टीका करणारा इव्हान इलिच, १९७१ चं त्याचं पुस्तक गाजलं, हा कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतलेला माणूस होता. पण त्याने आपल्याच चर्चला प्रश्न विचारणं कधी थांबवलं नाही.

“ठरवलं म्हणजे ठरवलं”

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत मुलांना शाळेत घातलं नाही, घरी आणि आश्रमात शिकवलं. मुलांना ते डाचलं. थोरल्या हरिलालने तर वडिलांकडे तक्रार केली आणि ती दरी शेवटपर्यंत बुजली नाही. आत्मकथेत गांधीजी मुलांचं गाऱ्हाणं मान्य करतात, तरी आपला निर्णय चुकला असं म्हणत नाहीत. वाचताना बापाच्या बाजूने राहणं मला जड जातं.

म्हणून दर उन्हाळ्यात मुलालाच विचारायचं, तुला जायचंय का शाळेत? आणि हो म्हणालं तर मनातून खट्टू व्हायचं नाही. वय दहा असेल तर त्याला पहिलीत बसवत नाहीत. चौथं कलम वयानुरूप इयत्तेत घ्यायला सांगतं आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षणाची सोय करायला सांगतं. मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवायचं कारण नाही, कारण मागची शाळाच नव्हती. सत्र सुरू होऊन गेलं असलं तरी नाकारता येत नाही. आवणी उरकल्यावर, ऑगस्टात एखाद्या सकाळी, चिखलाचे पाय धुऊन, जन्मदाखला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचं.