मेजरसाहेब पुन्हा लेफ्टनंट

सकाळी 7.45

डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, खिशात दोन शिसपेन्सिली. क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये शाईला बंदी आहे. पेन दिसलं की दारावरचा माणूस लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं ते काढून घेतो.

लोकलमध्ये बसायला जागा मिळते. हातात कालची यादी. एसएएस म्हणजे स्पेशल एअर सर्व्हिस, ब्रिटिश सैन्याचं छापामार दल. 21 एसएएस (आर्टिस्ट्स) ही ब्रिटनच्या प्रादेशिक सेनेतली रेजिमेंट 1947 मध्ये उभी राहिली. तिच्यात स्वखुशीने आलेल्या अधिकाऱ्यांनी त्याआधीच्या महायुद्धात काय केलं, हे मी शोधतो आहे. नावातले ‘आर्टिस्ट्स’ खरोखरीचे कलावंत. एकोणिसाव्या शतकात लेटन, मिले यांच्यासारख्या चित्रकारांनी खांद्यावर बंदूक घेऊन कवायत केली होती, ती ही पलटण. युद्धकाळातल्या 1 आणि 2 एसएएस ऑक्टोबर 1945 मध्ये मोडीत निघाल्या. दोन वर्षांच्या आत तोच खटाटोप पुन्हा सुरू झाला, आता नोकरीधंदा सांभाळून, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी.

सकाळी 9.10

लॉकर, पारदर्शक पिशवी, वाचक-कार्ड. मागवलेल्या फाइली यायच्या आत ‘लंडन गॅझेट’चं काम उरकून घ्यायचं. ते घरबसल्याही संगणकावर दिसतं, पण घरी बसलो की चहाच जास्त होतो.

गॅझेटची ओळ भलतीच कंजूष: हुद्दा, नाव, कंसात क्रमांक, तारीख. या कामात नावाला काडीची किंमत नाही. एकाच आद्याक्षरांचे चार-चार स्मिथ निघतात. भरवसा कंसातल्या क्रमांकाचा. 1941 मधल्या सेकंड लेफ्टनंटचा क्रमांक 1947 मधल्या नोंदीत जसाच्या तसा सापडला की माणूस पक्का.

हुद्द्यांची गंमत वेगळीच. युद्धात हंगामी मेजर झालेला गृहस्थ सैन्य सोडताना मानद मेजर होतो आणि प्रादेशिक सेनेत परतताना अनेकदा नुसता लेफ्टनंट. कंपनी हाताळलेला माणूस पुन्हा खालच्या पायरीवर, तेही आपणहून. सरकारी अर्जात मधलं नाव चुकलं तरी तणतणणाऱ्या माझ्यासारख्याला हे पटकन पचत नाही.

सकाळी 10.45

एका नावाशी धागा तुटतो. क्रमांकाच्या आधी ‘ईसी’, म्हणजे हे साहेब हिंदी सैन्यात आणीबाणीच्या कमिशनवर होते. तिथले क्रमांक निराळे. आता ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरं उघडायची. ते पुढच्या आठवड्यावर.

सकाळी 11.15

फाइली आल्या. पहिल्या गठ्ठ्यात शौर्यपदकांच्या शिफारशी. अँथनी ग्रेव्हिल-बेल: सप्टेंबर 1943, उत्तर इटली, ‘ऑपरेशन स्पीडवेल’. रेल्वेगाड्या रुळांवरून उतरवण्यासाठी मूठभर माणसं हवाई छत्रीने उतरवली होती. ग्रेव्हिल-बेलच्या बरगड्या उतरतानाच मोडल्या. तरी त्याने काम केलं आणि मग 73 दिवस चालत, सुमारे अडीचशे मैल कापत, आपल्या फौजेची आघाडी गाठली. डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) मिळाला. पुढे 21 एसएएसमधल्या स्वयंसेवकांची तुकडी कोरियासाठी तयार झाली, पण 1951 मध्ये प्रत्यक्षात मलायात गेली. तिचा म्होरक्या हाच. आणखी पुढे गडी पटकथालेखक झाला. 1973 चा ‘थिएटर ऑफ ब्लड’ त्याने लिहिलेला, ज्यात एक नट आपल्या टीकाकारांना एकेक करून ठार मारतो. आर्टिस्ट्सचा अधिकारी शोभतो खरा.

दुपारी 1.00

डबा. पाच मिनिटं तळ्याकाठी. बस्स.

दुपारी 1.30

आजचा खरा ऐवज हा. लेफ्टनंट कर्नल ब्रायन फ्रँक्स, 21 एसएएसचे पहिले कमांडिंग ऑफिसर. युद्धात 2 एसएएस त्यांच्याकडे होती. ऑगस्ट 1944 मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरांत ‘ऑपरेशन लॉयटन’ सुरू झालं आणि पाठोपाठ फ्रँक्स स्वतः तिथे उतरले. शत्रूच्या पिछाडीला थोडे दिवस गोंधळ घालायचा, तोवर अमेरिकन फौज येईल, असा हिशेब. फौज वेळेवर आली नाही. तिथल्या मुसे गावाने या लोकांना खाऊ घातलं, लपवलं, तोंड उघडलं नाही. जर्मनांनी गावातले पुरुष छळछावण्यांत धाडले आणि बहुतेक परतले नाहीत. एसएएसचे 31 जण पकडले गेले आणि ठार झाले. कमांडो सापडले तर गणवेशात असले तरी मारून टाका, असा हिटलरचा 1942 चा हुकूम होता.

त्या 31 जणांचं काय झालं, हे शोधायला फ्रँक्सनी मे 1945 मध्ये मेजर एरिक बार्कवर्थ यांना एका तुकडीसह जर्मनीत पाठवलं. बार्कवर्थ यांनी गाग्गेनाउ इथे मुक्काम ठोकला. प्रेतं उकरली, साक्षी घेतल्या, संशयित हुडकले. ऑक्टोबरमध्ये रेजिमेंट मोडली, तरी ही तुकडी थांबली नाही. लंडनला ईटन स्क्वेअरमधून प्रिन्स युरी गॅलित्झिन हा युद्धखात्यातला अधिकारी तिला कागदोपत्री जगवत होता. 1946 मध्ये वुपर्टालला खटले उभे राहिले. तुकडीचं काम 1948 पर्यंत चाललं.

समोरचा कागद कांद्याच्या सालीइतका पातळ, टंकलेखनाची कार्बन प्रत. डाव्या कोपऱ्यात गंजक्या टाचणीचे दोन तांबूस ठिपके. एका साक्षीत तारखा खोडून तीनदा बदलल्या आहेत. कोणाला कुठून उचललं, कोणत्या गाडीत घातलं, गाडी कोण चालवत होता. सूडाचा शब्द कुठेही नाही. नुसती नावं जुळवणं चाललं आहे.

आता तारखा शेजारी-शेजारी मांडा. 1947 मध्ये फ्रँक्स यूस्टनजवळच्या ड्यूक्स रोडवर नवी स्वयंसेवी रेजिमेंट उभी करत होते, आणि त्यांच्या जुन्या रेजिमेंटची माणसं अजून जर्मनीत आपले मेलेले मोजत होती. इतिहासात आपण एक प्रकरण मिटवून दुसरं उघडतो. इथे मधली ती रेघ ओढायला जागाच सापडत नाही. माझ्या तक्त्यात ‘युद्धसेवा 1939–45’ असा रकाना आहे. त्यातला 45 खोडतो आणि शेवटची तारीख ज्याची त्याची लिहायचं ठरवतो.

दुपारी 4.30

यादीतल्या एका अधिकाऱ्याच्या नातीने आजोबांचा फोटो ई-मेलने पाठवला आहे: प्रादेशिक सेनेच्या शिबिरातला, कृष्णधवल, आजोबांच्या छातीवर फितींची ओळ. ‘आजोबा युद्धात एसएएसमध्ये होते’ असं घरात सगळे मानतात. भिंग घेऊन बसतो. पहिली फीत तीन सारख्या पट्ट्यांची, म्हणजे 1939–45 स्टार. दुसरी आफ्रिका स्टार, तिच्यावर बारीकसा 8 चा आकडा, म्हणजे आठवी सेना. क्रमांकावरून गॅझेट चाळलं तर कमिशन ऑर्डनन्स कोअरमध्ये, आणि 1947 पर्यंत बदली कुठेच नाही.

या रेजिमेंटचे सगळेच अधिकारी जुने छत्रीधारी नव्हते. गणिताचे, रसदीचे, बिनतारी संदेशांचे लोकही त्या ड्यूक्स रोडच्या जिन्यावरून वर गेले.

संध्याकाळी 6.15

नातीला उत्तर लिहितो. वाळवंटात आठव्या सेनेच्या रणगाड्यांना सुटे भाग पोचवणारा माणूस युद्ध संपल्यावर घरी बसू शकत होता. तुमचे आजोबा बसले नाहीत, पण युद्धात ते एसएएसमध्ये होते असं कागद म्हणत नाहीत. सोबत क्रमांक आणि गॅझेटच्या तारखा जोडतो, म्हणजे रागावली तरी पडताळून पाहील.